मलावीतल्या जिल्हा रुग्णालयांवरचं व्याख्यान आणि आपला ऑक्सिजन प्रकल्प

गोदाकाठ (धागाकर्ता)

आमच्या क्लबच्या साप्ताहिक सभेत मलावीतल्या जिल्हा रुग्णालयांत काम करून आलेल्या एका बालरोगतज्ज्ञांचं व्याख्यान झालं. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ, सुरगाणा आणि हरसूल पट्ट्यातल्या आरोग्य केंद्रांना ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं यंत्र) द्यायचा प्रस्ताव सध्या समितीपुढे आहे, त्यासाठीच त्यांना बोलावलं होतं. कामाचे मुद्दे इथे टाकतो. या क्षेत्रातल्या मंडळींनी पुढच्या बैठकीआधी नीट मत द्यावं.

तिकडे जिल्हा रुग्णालयाचा कणा म्हणजे क्लिनिकल ऑफिसर. एमबीबीएस नाही, पण तीन वर्षांचं शिक्षण घेतलेले. जिल्हा पातळीवरची बहुतेक सिझेरियन तेच करतात. त्याखाली गावपातळीवर हेल्थ सर्व्हेलन्स असिस्टंट: लसीकरण, ताप-खोकला-जुलाबाची पहिली तपासणी, मलेरियाची रॅपिड टेस्ट आणि गोळ्या. प्रत्येक रुग्णाकडे स्वतःची हेल्थ पासपोर्ट नावाची छोटी वही असते, कुठल्याही केंद्रात गेलं तरी नोंद त्याच वहीत. रुग्णासोबत आलेलं घरचं माणूस तिथेच राहतं, रुग्णासाठी जेवण बनवतं, शुश्रूषेलाही हातभार लावतं.

सगळ्यात जास्त चर्चा झाली ती यंत्रांची. गरीब देशांतल्या रुग्णालयांतलं सुमारे 40 टक्के वैद्यकीय साहित्य बंद अवस्थेत असतं, असं 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आढळलं होतं. देणगीदार बदलतात, व्होल्टेज बदलतं, सुटा भाग मिळत नाही, आणि यंत्र कोपऱ्यात जातं. डॉक्टरांनी आम्हाला सरळ विचारलं की दहा यंत्रं देणार म्हणता, पण तिसऱ्या वर्षी ती कोण चालवणार? त्याचं उत्तर आमच्या प्रस्तावात नाही.

बायोमेड_अंबड

प्रश्न अगदी बरोबर विचारलाय. कॉन्सन्ट्रेटर कसा बिघडतो ते आधी समजून घ्या, म्हणजे प्रस्तावात काय घालायचं ते आपोआप ठरेल.

आत कॉम्प्रेसर हवा दाबतो. ती झिओलाइट (नायट्रोजन धरून ठेवणारे दाणे) भरलेल्या दोन नळकांड्यांतून आळीपाळीने जाते, नायट्रोजन तिथे अडकतो आणि साधारण 93 टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन बाहेर पडतो (तीन टक्के कमीजास्त). झिओलाइट दमट हवेने खराब होतं. म्हणून खोक्यात जपून ठेवलेलं यंत्र वापरातल्या यंत्राच्या आधी मरतं, आणि सुरगाण्याच्या पावसाळ्यात तर लवकरच. रुग्ण असो नसो, महिन्यातून एकदा तरी अर्धा तास चालवायचं. हे लिहून भिंतीवर लावलं पाहिजे.

दुसरी गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. प्रवाहमापकातली गोळी 3 वर तरंगते म्हणजे ऑक्सिजन येतोय असं नाही. झिओलाइट गेलं तरी हवा तेवढ्याच जोरात येते, फक्त ती साधी हवा असते. गोळी जागेवर, नळी जागेवर, आणि बाळ निळं पडतंय. शुद्धता 82 टक्क्यांच्या खाली गेली की यंत्र दुरुस्तीला काढायचं. बऱ्याच यंत्रांत त्यासाठी दिवा किंवा गजर असतो, पण तोही बिघडू शकतो. म्हणून हातात धरायचा ऑक्सिजन अ‍ॅनालायझर हवा. प्रत्येक केंद्राला एकेक नको, पूर्ण तालुक्याला एक पुरतो, मात्र तो घेऊन दर तीन महिन्यांनी फिरणारा माणूस हवा.

रोजच्या बाजू सांगतो. बाहेरचा स्पंजचा फिल्टर आठवड्याला साबणाच्या कोमट पाण्यात धुवायचा आणि पूर्ण वाळल्याशिवाय लावायचा नाही. ओला लावला की दमटपणा थेट आत. म्हणून प्रत्येक यंत्राला दोन स्पंज द्या, एक लावलेला, एक वाळत असलेला. यंत्र भिंतीपासून फूटभर लांब, पडद्याजवळ किंवा कॉटखाली नाही. आतला बॅक्टेरियल फिल्टर कंपनीने दिलेल्या तासांप्रमाणे बदलायचा, त्यासाठी तासमापकाचा आकडा वहीत लिहायचा. तीन-चार वर्षांनी कॉम्प्रेसरच्या सील झिजतात. त्या खर्चाची तरतूद आजच करा, तेव्हा देणगी मागायला जाल तर कोणी देणार नाही.

ऑक्सिजन ओलसर करणारी पाण्याची बाटली लावली तर झाकणातून गळती ही नेहमीची तक्रार. तपासायला सोपं: नाकात घालायची टोकं पेलाभर पाण्यात बुडवा, बुडबुडे यायला हवेत. येत नसतील तर आधी झाकण, मग नळीचे सांधे बघा. यंत्र बंद आहे म्हणून आलेल्या कित्येक तक्रारी इथेच सुटतात.

शिशुकक्ष

बायोमेडच्या पोस्टला पूर्ण अनुमोदन. रुग्णाच्या बाजूचं मी लिहिते.

नेझल प्राँग्सने (नाकात घालायच्या दुटोकी नळीने) कमी प्रवाहावर ऑक्सिजन देताना पाण्याची बाटली लागतच नाही. नवजात बाळाला मिनिटाला 0.5 ते 1 लिटर, तान्ह्याला 1 ते 2, त्याहून मोठ्या मुलाला 1 ते 4 लिटर. एवढ्या प्रवाहाला नाकच हवा ओलसर करतं. बाटली काढली की गळतीही गेली आणि साठलेल्या पाण्यातला जंतुसंसर्गही.

मात्र पाच लिटरच्या यंत्रावरचा मापक अर्ध्या लिटरला भरवशाचा नसतो. त्यासाठी 0 ते 2 लिटरचा बालरुग्ण मापक वेगळा घ्यावा लागतो. फ्लो स्प्लिटर (प्रवाह अनेक नळ्यांत वाटणारा भाग) लावला तर एका यंत्रावर चार-पाच बाळं होतात, फक्त सगळ्यांची बेरीज पाच लिटरच्या वर गेली की शुद्धता खाली येते.

यंत्रापेक्षा महत्त्वाचा पल्स ऑक्सिमीटर, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी आणि नाडी दाखवणारं उपकरण. बोटाला लावायची मोठ्यांची चिमटी नवजात बाळाला चालत नाही, पायाला गुंडाळायचा सेन्सर लागतो. पाय गार असेल, बाळ हलत असेल, मोठ्यांच्या नखाला रंग असेल तर आकडा चुकतो. स्क्रीनवरची नाडी आणि हाताने मोजलेली नाडी जुळत नसेल तर ऑक्सिजनचा आकडा वाचूच नका. गडद त्वचेवर हे उपकरण खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवतं, म्हणून 90 ते 92 दिसलं आणि बाळ कण्हत असेल, छाती आत ओढली जात असेल तर आकड्यावर विसंबायचं नाही. उलट बाजूने, कमी दिवसांच्या बाळाला ऑक्सिजन चालू असताना 95 च्या वर जाऊ द्यायचं नाही, डोळ्याच्या पडद्याला इजा होते. ऑक्सिमीटर नसेल तर ऑक्सिजन कमी पडतोय हेही कळत नाही आणि जास्त होतोय हेही नाही.

पापुआ न्यू गिनीतल्या पाच रुग्णालयांत कॉन्सन्ट्रेटर आणि ऑक्सिमीटर दोन्ही एकत्र दिले, कर्मचाऱ्यांना शिकवलं, देखभाल बसवली. न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू सुमारे 35 टक्क्यांनी घटले. हा अभ्यास 2008 मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे दिलेली वस्तू एक नव्हती, अख्खी व्यवस्था होती.

गोदाकाठ

शिशुकक्ष ताई, व्याख्यानात बबल सीपॅपचाही (बाळाच्या नाकातून सतत दाबाची हवा देण्याची पद्धत) उल्लेख होता. स्वस्त आहे, मलावीत वापरतात. आमच्यातले काही सदस्य त्यावर फार उत्साहात आहेत. ग्रामीण रुग्णालयाला देता येईल का?

शिशुकक्ष

इथे थांबा, कारण मलावीतूनच दोन वेगवेगळी उत्तरं आलेली आहेत आणि दोन्ही वाचली पाहिजेत.

तत्त्व सोपं. बाळाच्या नाकातून येणाऱ्या नळीचं दुसरं टोक पाण्यात जितके सेंटिमीटर बुडवाल तितका दाब फुप्फुसात राहतो, साधारण 5 ते 8. ब्लँटायरच्या क्वीन एलिझाबेथ सेंट्रल हॉस्पिटलमध्ये नवजात बाळांवर याचा अभ्यास झाला. 2014 मध्ये आलेल्या निकालात सीपॅप मिळालेल्यांपैकी 71 टक्के बाळं वाचली, नुसत्या ऑक्सिजनवरची 44 टक्के.

नंतर त्याच देशात सलीमा जिल्हा रुग्णालयात 1 ते 59 महिन्यांच्या, गंभीर न्यूमोनिया झालेल्या मुलांवर चाचणी झाली. 2019 चा निकाल उलटा होता: सीपॅपवर 17 टक्के मुलं दगावली, साध्या ऑक्सिजनवर 11 टक्के. मुलं मोठ्या वयाची होती, त्यांच्यात एचआयव्ही आणि कुपोषण होतं, आणि मोठ्या रुग्णालयासारखी रोजची डॉक्टरांची देखरेख नव्हती. सीपॅपवरच्या मुलाचं पोट हवेने फुगतं, उलटी श्वासनलिकेत जाऊ शकते, नाकाच्या पडद्याला जखम होते. दर तासाला कोणीतरी जाऊन पोट बघायचं, पोटातली नळी उघडी आहे का बघायचं, प्राँग सरकलाय का बघायचं. रात्रपाळीला एका नर्सकडे अख्खा वॉर्ड असेल तर ते होत नाही.

म्हणून माझं मत: सीपॅप फक्त नवजात शिशू विभाग असलेल्या ठिकाणी आणि तिथल्या डॉक्टरांनी मागितला तरच. आरोग्य केंद्राला कॉन्सन्ट्रेटर, ऑक्सिमीटर आणि कांगारू पद्धतीसाठी खुर्ची द्या. 2.5 किलोपेक्षा कमी वजनाचं बाळ आईच्या उघड्या छातीला उभं बांधून दिवसातले 8 ते 24 तास ठेवायचं. यात यंत्र नाही, वीज नाही. भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांत मिळून झालेल्या चाचणीत जन्मल्याबरोबर हे सुरू केल्याने मृत्यू 25 टक्क्यांनी घटले. मागे रेलता येणारी खुर्ची, सुती पट्टा आणि आईला थांबण्यासाठी जागा, एवढाच खर्च.

रोहित्र_सातपूर

विजेचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. पेठ-सुरगाण्याकडे पावसाळ्यात झाड पडलं की लाइन तासन्‌तास जाते, आणि आली की आधी व्होल्टेज वरखाली होतं. यंत्र जळतं ते बहुधा वीज परत येताना.

प्रत्येक कॉन्सन्ट्रेटरला 1 केव्हीएचा स्वतंत्र सर्व्हो स्टॅबिलायझर, 170 ते 270 व्होल्ट सांभाळणारा, आणि वीज आल्यावर काही मिनिटं थांबून जोडणी देणारा टाइम डिले त्यात हवाच. यंत्र 350 वॅटचं असलं तरी कॉम्प्रेसर सुरू होताना त्याच्या कितीतरी पट ओढतो, म्हणून 500 व्हीएचा घेऊ नका. अर्थिंग मोजून घ्या. जुन्या इमारतीत पिनला तार असते पण खड्डा कोरडा पडलेला असतो.

इन्व्हर्टरचा हिशोब: 12 व्होल्ट 150 एएचची एक बॅटरी म्हणजे 1800 वॅट-तास. लेड अ‍ॅसिड अर्धीच वापरायची, नाहीतर वर्षभरात बसते. उरले 900, त्यातले इन्व्हर्टरमध्ये गेलेले वजा केले की साडेसातशे. म्हणजे एक यंत्र जेमतेम दोन तास. चार तास हवे असतील तर दोन बॅटऱ्या, 24 व्होल्टचा शुद्ध साइन वेव्ह इन्व्हर्टर. चौकोनी वेव्हच्या स्वस्त इन्व्हर्टरवर कॉम्प्रेसर गुरगुरतो आणि तापतो. आणि त्या लाइनवर दुसरं काहीही जोडायचं नाही. प्लगचा पिन वेगळ्या आकाराचा ठेवला तर कोणी इस्त्री किंवा हीटर लावणार नाही.

सोलरचा मोह होतो, पण 24 तास चालवायला दिवसाला 8.4 युनिट लागतात. 1 किलोवॅटचं पॅनल वर्षाच्या सरासरीने दिवसाला 4 युनिटच्या आसपास देतं, आणि सह्याद्रीच्या पावसात जुलै-ऑगस्टमध्ये त्याच्याही निम्मं. न्यूमोनियाची गर्दी नेमकी पावसाळ्यात आणि थंडीत. तेव्हा सोलर जोडीला ठीक, त्याच्या भरवशावर नको. शेवटचा आधार सिलिंडर: बी टाइपमध्ये साधारण 1500 लिटर, म्हणजे 1 लिटर प्रवाहावर 25 तास, 5 लिटरवर पाच तास. रेग्युलेटर आणि चावी सिलिंडरलाच साखळीने बांधलेली असावी.

दरी_माची

यंत्रावरची चर्चा उत्तम चाललीय, पण मूल केंद्रात वेळेवर पोचलं तर त्याचा उपयोग. तान्ह्याचा श्वास मोजायला यंत्र लागत नाही आणि तिथेच सगळ्यात जास्त चुका होतात.

पूर्ण 60 सेकंद मोजायचं. 15 सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, लहान बाळाचा श्वास एकसारखा नसतो. बाळ शांत हवं, अंगावर पीत नसावं, रडत नसावं. कपडा वर करून पोट आणि छाती जिथे मिळतात तिथे बघायचं. 2 महिन्यांखाली मिनिटाला 60 किंवा जास्त, 2 ते 12 महिने 50 किंवा जास्त, 1 ते 5 वर्षं 40 किंवा जास्त, म्हणजे जलद श्वास. छाती आत ओढली जात असेल तर आकडा काहीही असो, पाठवायचं. 2 महिन्यांखालच्या बाळाचा आकडा जास्त आला तर पुन्हा एकदा मोजून खात्री करायची. आशाताईंना 60 सेकंदांनी वाजणारं साधं टायमर दिलं तर मोबाइलकडे बघत मोजायची कसरत वाचते. क्लबने हे यादीत घ्यावं.

आता ती वही. मलावीतून उचलण्यासारखी हीच गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. ऑक्टोबर छाटणीपासून सुरगाणा, पेठची कुटुंबं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर येतात. गरोदर बाई आणि लहान मूल यांच्याकडे माता-बाल संरक्षण कार्ड असतं. बाकीच्यांकडे ओपीडीची चिठ्ठी, जी शेडवरच्या पावसात भिजते. क्षयरोगाच्या गोळ्या कितव्या महिन्यात आहेत, सिकलसेलची तपासणी झालीय का, रक्तदाबाची कुठली गोळी चालू होती, हे दिंडोरीच्या डॉक्टरांना कळायला मार्ग नसतो.

वही कशी असावी: खिशात मावेल एवढी, शिवलेली, स्पायरल नको कारण पानं निसटतात. पहिल्या पानावर नाव, गाव, पाडा, रक्तगट, सिकलसेल, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी. मग लसी, मग चालू औषधं, मग कोरी पानं. झिप असलेली प्लास्टिकची पिशवी सोबत. बॉलपेननेच लिहायचं, शाई ओघळते. छापण्याआधी नमुना दोन्हीकडच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना दाखवा, त्यांनी लिहिलं नाही तर वही कोरीच राहील.

सचिव_क्लब

सर्वांचे आभार, छापून बैठकीत ठेवतो. एक शंका. आमच्या एका सदस्याची सूचना आहे की मलावीत सर्पदंश फार असतात, आपल्याकडे सर्पविषावरची लस स्वस्त आहे, तर आंतरराष्ट्रीय प्रकल्प म्हणून पाठवावी. सोबत डॉक्टरांकडे साठलेली सॅम्पल औषधंही.

विषबाधा_विभाग

दोन्ही नको, आणि कारण गंभीर आहे.

आपली लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषापासून बनते. मलावीत पफ अ‍ॅडर, थुंकणारा नाग, ब्लॅक मांबा. आपली लस त्यांच्यासाठी बनवलेलीच नाही. फुरसं दोन्ही खंडांत आहे म्हणावं तर तेही वेगळं. घानामध्ये हे घडून गेलंय: तिथे भारतीय फुरशाच्या विषापासून बनवलेली लस आणली गेली, आणि सर्पदंशाच्या रुग्णांमधला मृत्युदर 1.8 टक्क्यांवरून 12.1 टक्क्यांवर गेला. डोस देऊनही रक्त गोठेना, आणि बाटलीवर तर सर्पविषाची लस असंच लिहिलेलं.

औषधांबद्दल जागतिक आरोग्य संघटनेचे देणगीचे नियम आहेत. रुग्णांनी परत केलेली किंवा फुकट सॅम्पलची औषधं पाठवायची नाहीत, पोचताना किमान एक वर्ष मुदत शिल्लक हवी, आणि घेणाऱ्याने मागितलेलं असलं पाहिजे.

सर्पदंशावर पैसे घालायचेच असतील तर इथेच घाला. ग्रामीण केंद्रात रक्त गोठण्याची 20 मिनिटांची चाचणी नीट होत नाही, आणि तिला लागतं काय, तर काचेची स्वच्छ, कोरडी परीक्षानळी. त्यात शिरेतलं ताजं 2 मिली रक्त घ्यायचं, 20 मिनिटं अजिबात न हलवता ठेवायचं, मग एकदाच तिरपं करायचं. रक्त पातळ राहिलं तर घोणस किंवा फुरशाचं विष भिनलंय. प्लास्टिकची नळी वापरली किंवा काचेची साबणाने धुऊन परत वापरली तर निरोगी माणसाचंही रक्त पातळ दिसू शकतं आणि लस उगाच दिली जाते. नव्या काचेच्या नळ्यांचं खोकं प्रत्येक केंद्राला द्या, ते कॉन्सन्ट्रेटरच्या एका फिल्टरपेक्षा महाग नाही.

लस देताना पहिला डोस सहसा 10 बाटल्या, सलाइनमध्ये मिसळून साधारण तासाभरात. मुलालाही तेवढ्याच, कारण साप मूल बघून विष कमी सोडत नाही. टेस्ट डोस द्यायचा नाही. अ‍ॅड्रेनॅलिन सिरिंजमध्ये भरून कॉटशेजारी असलंच पाहिजे, मोठ्यांना 0.5 मिलीग्रॅम स्नायूत. मण्यारीच्या दंशात जखम दिसतही नाही, रुग्ण पहाटे पोटदुखी घेऊन येतो आणि पापण्या मिटायला लागतात. तिथे श्वासाची पिशवी दाबत नाशिकपर्यंत आणणारा माणूस लागतो. अँबू बॅग आणि ती वापरण्याचं प्रशिक्षण हेही यादीत लिहा.

बायोमेड_अंबड

विषबाधा विभागाच्या पोस्टवर एकच जोड: लसीची पावडर आणि द्रव असे दोन प्रकार येतात. द्रव असेल तर 2 ते 8 अंशांत ठेवावी लागते. जिथे फ्रिजचा भरवसा नाही तिथे पावडर मागवा.

दरी_माची

परदेशातून काय शिकायचं हे बोलताना एक लक्षात असू द्या. गावातल्याच बाईला शिकवून आरोग्याचं काम सोपवायचं, हे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 पासून जामखेडला उभं केलं आणि जगभरातले लोक तिथे शिकायला येत आले. घरी जाऊन नवजात बाळ तपासण्याची पद्धत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत सिद्ध केली, 1999 मध्ये ती लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आली आणि नंतर आफ्रिकेतही गेली. विंचूदंशावर प्राझोसिन महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवलं. आशाताईंच्या गृहभेटी त्याच रस्त्यावरच्या. मलावीचे डॉक्टर बोलवा, आणि पुढच्या सभेला सुरगाण्याच्या एखाद्या आशाताईंनाही व्यासपीठावर बसवा. कुठल्या पाड्यावरून रात्री गाडी निघत नाही हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नाही.

लेखाधारी

कागदाची बाजू. आरोग्य केंद्रं आणि उपकेंद्रं जिल्हा परिषदेकडे, म्हणजे जिल्हा आरोग्य अधिकारी. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. एकाच प्रकल्पात दोन्ही असतील तर दोन पत्रं द्यायला लागतात. परस्पर वैद्यकीय अधिकाऱ्याला यंत्र देऊन फोटो काढला तर ते डेडस्टॉक रजिस्टरला (सरकारी मालमत्तेच्या नोंदवहीत) चढत नाही. नोंद नाही म्हणून देखभालीच्या कंत्राटात नाही, आणि अधिकाऱ्याची बदली झाली की यंत्राला वाली नाही. पत्रात यंत्राचा अनुक्रमांक, वॉरंटीची तारीख, कोणाच्या नावे जबाबदारी आणि क्लबच्या संपर्क सदस्याचं पद लिहा. पद लिहा, नाव नको, कारण क्लबची कार्यकारिणीही दरवर्षी 1 जुलैला बदलते. देखभालीची रक्कम वेगळ्या मुदत ठेवीत ठेवा, नाहीतर पुढचे अध्यक्ष ती नव्या उपक्रमात वळवतात.

सचिव_क्लब

सर्पविषाची लस आणि सॅम्पल औषधं पाठवण्याची सूचना मागे घेतोय. दहाऐवजी चार कॉन्सन्ट्रेटर, उरलेल्या पैशातून स्टॅबिलायझर, बॅटऱ्या, बाळांचे सेन्सर असलेले ऑक्सिमीटर, एक अ‍ॅनालायझर, काचेच्या नळ्या, टायमर आणि पाच वर्षांची देखभाल, असा नवा मसुदा करतो. कोविडच्या वेळी मिळालेली जुनी यंत्रं केंद्रांत असतील तर त्यांचं काय करायचं?

बायोमेड_अंबड

नवीन घेण्याआधी तेच करा. अ‍ॅनालायझर पहिल्यांदा विकत घ्या, तो घेऊन प्रत्येक केंद्रात जा. यंत्र पाच लिटरवर ठेवून वीस मिनिटं चालू द्या, मग मोजा. 90 च्या वर आलं तर फिल्टर धुऊन, स्टॅबिलायझर लावून तिथेच वापरात आणा. 82 ते 90 मध्ये आलं तर आधी फिल्टर आणि गळती बघून पुन्हा मोजा. 82 च्या खाली असेल तर सीव्ह (झिओलाइटची नळकांडी) बदलायचा खर्च विचारा. तासमापकावर थोडेच तास दिसत असतील तर कॉम्प्रेसर नवाच आहे, दुरुस्ती परवडते. सातपूरच्या आयटीआयमधल्या इलेक्ट्रिशियनच्या दोन मुलांना या फेरीत सोबत घ्या, तिमाही तपासणी पुढे त्यांच्याकडेच देता येईल. फेरी मेच्या शेवटापर्यंत उरका, पाऊस लागला की हरसूलपुढचे रस्ते वेळ खातात.